पंचाहत्तर रुपयांतलं समाधान : ‘पुरेसं’ किती, हे ठरवतं कोण?

‘साधी राहणी, उच्च विचारसरणी’ हे वाक्य शाळेच्या भिंतीवर आपण इतक्यांदा वाचलंय, की त्याचा अर्थ विचारायचं सुचतच नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो विचारायला हवा. साधी म्हणजे महिना किती रुपयांची? ती रक्कम कुणी ठरवली? आजारपण आलं, मुलं झाली, म्हातारपण आलं तर काय सोय होती? आणि ज्या घरात ही राहणी चालली, त्या घरातल्या बाकीच्यांना कुणी विचारलं होतं का?

हे प्रश्न विचारायला एक उत्तम उदाहरण आपल्या हाताशी आहे : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं पुणं आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटी.

भावना नव्हे, करार

१ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक सुरुवातीपासून होते, आगरकर एम.ए. करून पाठोपाठ आले. १८८४ मध्ये सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. त्या काळी पदवीधर तरुणाला सरकारी नोकरीची वाट मोकळी होती, आणि सरकारी कॉलेजातल्या प्राध्यापकांचे पगार यांच्या पगाराच्या कितीतरी पट होते. ती वाट सोडून ही मंडळी इकडे आली.

आगरकरांनी विद्यार्थिदशेत आईला लिहिलेलं पत्र तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं असेल. मुलगा मोठ्या परीक्षा देतोय, आता मोठ्या पगाराची नोकरी मिळेल, अशी आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून मी सगळा वेळ परहितात घालवणार, असा त्याचा आशय. पत्र हेलावून टाकणारं आहे, आणि बहुतेक लेख तिथेच थांबतात. संशोधकाने मात्र त्या पत्राशेजारी सोसायटीचे नियम ठेवून वाचावेत.

नियम थोडक्यात असे : आजीव सभासदाने वीस वर्षं सेवेची प्रतिज्ञा करायची. पगार दरमहा ७५ रुपये. सोबत आयुष्याचा विमा, आणि मुदत संपल्यावर निवृत्तिवेतन. गोखले १९०२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांना महिना ३० रुपये निवृत्तिवेतन मिळालं.

आता हे आकडे नीट बघा. ७५ रुपये म्हणजे उपासमार नव्हे. गोखल्यांच्या चरित्रांत येतं, की त्यांचे थोरले भाऊ महिना पंधरा रुपयांवर नोकरी करत आणि त्यातले आठ गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवत. त्या मापाने ७५ ही बरी रक्कम. पण पदवीधराला बाहेर जे मिळू शकलं असतं, त्या मापाने तो उघड त्याग होता. म्हणजे एकच आकडा दोन मापांनी दोन गोष्टी सांगतो. कुठल्याही जुन्या पगाराबद्दल लिहिताना ‘फक्त इतके रुपये’ असं लिहायच्या आधी, कुणाच्या तुलनेत, हे स्वतःला विचारा.

दुसरी गोष्ट विम्याची. ‘उद्याची चिंता सोडा’ असं ही मंडळी म्हणत नव्हती. उद्याची चिंता संस्थेने वाटून घ्यायची, म्हणजे आज माणूस मोकळेपणाने शिकवू शकेल, असा तो हिशेब होता. त्यांच्या समाधानाखाली प्रतिज्ञा, पगार, विमा आणि निवृत्तिवेतन असा चार खांबांचा मांडव होता.

मांडव कुठे कलला?

टिळक–आगरकर वाद म्हटलं की आपल्याला ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ एवढंच आठवतं. ते खरंच आहे. पण सोसायटीच्या आतलं भांडण बऱ्याच अंशी ‘पुरेसं किती’ या प्रश्नाचं होतं. पगार थोडा वाढवावा का? अडचणीतल्या सभासदाला जादा मदत द्यावी का? शिकवून उरलेल्या वेळात बाहेरचं काम करून पैसे मिळवले, तर ते कुणाचे?

टिळकांची भूमिका कडक होती. आजीव सभासदाने सगळा वेळ संस्थेला द्यायचा, बाहेरची कमाई संस्थेची. जेझुइट पाद्र्यांच्या निःस्वार्थी संघटनेचा आदर्श त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आगरकर–गोखल्यांचं म्हणणं असं, की नेमलेलं काम चोख केल्यावर उरलेला वेळ ज्याचा त्याचा. हा प्रश्न हवेतला नव्हता : आगरकर १८८८ पासून ‘सुधारक’ चालवत होते, गोखल्यांचं अंकगणिताचं पुस्तक होतं, आणि १८९० मध्ये त्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं. त्याच वर्षाच्या अखेरीस टिळक बाहेर पडले. राजीनाम्यासोबतचं त्यांचं लांबलचक निवेदन उपलब्ध आहे, ते जरूर वाचा. पण ते एका पक्षाचं निवेदन आहे, हे विसरू नका.

इथे संशोधकाने दोघांच्या घरात डोकवावं. टिळकांच्या पाठीशी थोडीफार वडिलोपार्जित मिळकत होती. आगरकरांच्या पाठीशी काहीच नव्हतं, वर दम्याचं दुखणं. समान पगार दोन घरांत समान पुरत नाही. एकाला जे तत्त्व वाटत होतं, ते दुसऱ्याच्या घरात औषधाचा खर्च होता. तत्त्वाची बाजू खोटी होती असं मी म्हणत नाही. बाहेरच्या कामाला मुभा दिली की संस्था हळूहळू पोकळ होते, ही भीती रास्तच होती. म्हणून तर हा वाद आजही वाचण्यासारखा आहे.

आणि सोसायटी सोडल्यावर टिळकांनी काय केलं? कायद्याचे वर्ग चालवले, लातूरच्या जिनिंग कारखान्यात भागीदारी केली, ‘केसरी’ कर्जासकट आपल्याकडे घेतला. म्हणजे त्यांनी उत्तर बदललं : कामाला मोकळं राहायचं तर उत्पन्नाचं साधन आपल्याच हातात हवं.

गोखले उलट दिशेने गेले. १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढताना, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही, संस्था जी तरतूद करेल तीत समाधान मानीन, अशी शपथच त्यांनी सभासदांना घातली. ज्या कडकपणावरून भांडण झालं, तो पंधरा वर्षांनी गोखल्यांच्या संस्थेत नियम होऊन आला!

हिशेब कुणाच्या पदरात?

टिळक गेल्यावर गणिताची जागा रिकामी झाली. तिथे १८९१ मध्ये मुंबईहून आले धोंडो केशव कर्वे. पगार तोच, ७५. त्यांनी तर ‘पुरेसं’ची रेघ आणखी खाली ओढली. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली आणि शिल्लक, विम्याची पॉलिसी, सगळं आश्रमाच्या पदरात टाकलं.

कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ वाचलं की वाटतं, केवढं हे शांत, समाधानी आयुष्य! मग त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया यांचं ‘माझे पुराण’ उघडा. बाया लेचीपेची बाई नव्हती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाची ती पहिली विधवा विद्यार्थिनी, आणि १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह करून तिने वाळीतही दिवस काढले. काम तिलाही पटत होतं. पण पॉलिसीही गेली, मग माझं आणि मुलांचं उद्या काय, हा तिचा प्रश्न होता. नवऱ्याने विम्याचा खांब काढून दिला, तेव्हा मांडव डोक्यावर धरून उभी राहिली ती.

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा. एक खरं आणि दुसरं खोटं असं नाही. पण एकट्याच्या आत्मचरित्रावरून ‘कुटुंब अल्पसंतुष्ट होतं’ असं लिहिलंत, तर ते कच्चं संशोधन.

आख्यायिकांचं काय करायचं?

१७ जून १८९५ ला आगरकर गेले, वय अवघं ३८. आपल्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेवले होते, अशी आठवण सांगतात. नवखा संशोधक एक तर ती जशीच्या तशी उतरवतो, नाहीतर ‘पुरावा नाही’ म्हणून फेकतो. दोन्ही घाई. ती पहिल्यांदा कुणी लिहिली, कधी लिहिली, आणि ऐकणाऱ्यांना ती का हवी होती, हे शोधा. ‘कुणाचं देणं ठेवलं नाही’ हा त्या पिढीच्या समाधानाचा गाभा होता, हे ती कथा नक्कीच सांगते.

संशोधनात उतरताना तुम्हालाही कुणीतरी म्हणेलच, ‘पैशाकडे बघू नका, कामाचा आनंद घ्या.’ सल्ला वाईट नाही, अर्धवट आहे. ही माणसं पैशाकडे नीट बघत होती, म्हणूनच त्यांना त्यातून मान काढून घेता आली. तेव्हा विषय निवडाल त्याच आठवड्यात कागदावर चार ओळी लिहा : महिन्याला किती लागतं, फेलोशिप चार महिने अडकली तर काय, घरातलं कोण माझा भार उचलतंय, आणि त्यांना मी विचारलंय का? चौथ्या ओळीचं उत्तर लिहिल्याशिवाय साध्या राहणीच्या गप्पा मारू नयेत.