कॅन्सर मारायला व्हायरस? मुंबईत तयार झालेली कार-टी थेरपी नेमकी काय आहे

"व्हायरसने कॅन्सर बरा होतो, फक्त एक सलाईन" असे मेसेज नांदेड-लातूरच्या ग्रुपवर फिरत असतात. पूर्ण खोटं नाही, पण अर्धवट आहे. आणि अर्धवट माहितीवर कुणी शेत विकायला काढू नये, म्हणून हे सविस्तर.

या थेरपीचं नाव नेक्सकार-१९. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते लोकार्पण झालं.

व्हायरस इथे काय करतो?

हमाली! रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी, म्हणजे शरीराचे सैनिक, वेगळ्या काढतात. लॅबमध्ये त्यांच्यात लेन्टिव्हायरस सोडतात. हा एचआयव्हीच्या कुळातला, पण दचकू नका, रोग पसरवणारी जनुकं त्यातून काढलेली असतात. तो एक नवं जनुक टी-पेशीत पोहोचवतो. मग ती पेशी 'सीडी-१९' ही खूण असलेल्या पेशी ओळखून मारते. अशा पेशी वाढवून रुग्णाला परत देतात. ही खूण निरोगी बी-पेशींवरही असते, त्यामुळे त्याही मरतात आणि इन्फेक्शनचा धोका वाढतो. जोराचा ताप येणं, बीपी उतरणं हेही होऊ शकतं.

थेट गाठीत व्हायरस टोचण्याचा प्रकार वेगळा. अमेरिकेने २०१५ मध्ये त्वचेच्या मेलानोमासाठी बदललेल्या हर्पिस व्हायरसला मंजुरी दिली.

कुणासाठी?

फक्त बी-पेशींचा लिम्फोमा आणि ल्युकेमिया, तेही आधीचे उपचार फसले किंवा आजार उलटला तर. वय १५ च्या पुढे. गुटखा-तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरवर ही थेरपी नाही. स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्याही नाही.

मार्च २०२५ मध्ये 'द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त चाचण्यांचे निकाल आले. ६४ रुग्ण होते. ज्यांचे निकाल मोजता आले, त्यातल्या ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. प्रतिसाद म्हणजे कायमचं बरं होणं नव्हे.

खर्च काही लाखांत असतो. परदेशात हाच आकडा काही कोटींत जातो, म्हणून 'स्वस्त' म्हणतात.

डॉक्टरांना आधी विचारा: कॅन्सर बी-पेशींचा आहे का, सीडी-१९ तपासलं का? उत्तर हो असेल, तर लातूर एक्सप्रेसचं तिकीट काढण्याआधी मुंबईत राहायची सोय बघा. पेशी तयार व्हायला वेळ लागतो, आणि नंतरही काही आठवडे हॉस्पिटलजवळच थांबावं लागतं.