हिरवळीवरचे रेशमी नरसाळे : हा कोळी नेमका कोणता?

पावसाळा ओसरू लागला की पहाटेच्या दंवात एक दृश्य हमखास नजरेस पडते. गवतावर कुणीतरी पांढरे हातरुमाल वाळत घातले असावेत, तसे तळहाताएवढे रेशमी पडदे ठिकठिकाणी पसरलेले दिसतात. प्रत्येक पडदा एका बाजूला निमुळता होत जातो आणि नरसाळ्यासारखा जमिनीतील बिळात वा गवताच्या बुंध्याशी शिरतो. गोव्यातील भातशेतीची मेर, देवळापुढचे पटांगण, शाळेचे क्रीडांगण अशा जागा या कोळ्याला विशेष मानवतात. भारताच्या मैदानी प्रदेशात तो सर्वत्र आढळतो आणि शहरातील बागेलाही तो परका नाही. उंधियूत पडणाऱ्या पापडीसाठी एके काळी नावाजलेले सुरतेचे कतारगाम आज हिऱ्यांचे कारखाने आणि दाट वस्ती यांनी भरून गेले आहे. परंतु अशा वस्तीतही थोडीशी हिरवळ उरली की या कोळ्याचा संसार थाटण्यास तेवढी जागा पुरते.

अडचण येते ती त्याची ओळख पटवताना. कतारगामच्या वा पणजीच्या बागेतील असा कोळी पाहून एखाद्याने इंग्रजी संकेतस्थळांवर शोध घेतला, तर बहुधा दोन उत्तरे पुढे येतात. एक उत्तर अ‍ॅजेलेनॉप्सिस या उत्तर अमेरिकेतील गवत-कोळ्याचे असते. दुसरे ऑस्ट्रेलियातील अतिविषारी नरसाळे-कोळ्याचे. आपल्या हिरवळीवरील कोळी या दोहोंपैकी एकही नव्हे. तो हिप्पासा या प्रजातीचा, म्हणजेच लांडगा कोळ्यांच्या लायकोसिडी कुळातील आहे.

नावातच दडलेले साम्य

लांडगा कोळी सहसा जाळे विणत नाहीत. जमिनीवर धावत शिकार पकडणे हा त्यांचा कुळधर्म. हिप्पासा मात्र त्याला अपवाद आहे. नरसाळ्याचे जाळे हे मुळात अ‍ॅजेलेनिडी या वेगळ्या कुळाचे वैशिष्ट्य मानले जाते. युरोपातील अ‍ॅजेलेना आणि अमेरिकेतील अ‍ॅजेलेनॉप्सिस हे त्याच कुळातले. फ्रेंच कोळीतज्ज्ञ यूजीन सिमाँ यांनी १८८४ साली आशियातील एका जातीचे वर्णन केले, तेव्हा तिला ‘अ‍ॅजेलेनॉइडिस’, म्हणजे ‘अ‍ॅजेलेनासारखी’, असे नाव दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी हिप्पासा ही प्रजाती स्थापन केली. जवळचे नाते नसूनही दोन कुळांतील कोळ्यांनी सारख्याच प्रकारचे घर बांधावे, हे निसर्गातील समांतर उत्क्रांतीचे सुबक उदाहरण होय. त्यामुळेच केवळ जाळे पाहून कोळ्याचे कूळ ठरवू नये.

ओळखीच्या खुणा

पहिली खूण डोळ्यांची. हिप्पासाच्या आठ डोळ्यांपैकी चार लहान डोळे पुढे एका ओळीत असतात, त्यांच्या वर दोन मोठे डोळे आणि आणखी मागे, डोक्याच्या माथ्याकडे, दोन. ‘चार-दोन-दोन’ ही मांडणी लांडगा कोळ्यांची स्वाक्षरीच आहे. अ‍ॅजेलेनिडी कुळात मात्र आठही डोळे साधारण सारख्याच आकाराचे असून दोन वक्र ओळींत बसलेले असतात. रात्री विजेरी आपल्या कपाळाशी धरून गवतावर प्रकाश टाकला, तर लांडगा कोळ्याचे डोळे हिरवट-निळ्या ठिणग्यांसारखे चमकतात. डोळ्यांच्या आतील परावर्तक थरामुळे हे घडते.

दुसरी खूण उदराच्या टोकाशी असते. रेशीम सोडणाऱ्या नळ्यांपैकी मागची जोडी हिप्पासामध्ये लांब असते आणि वरून पाहतानाही शेपटीसारखी बाहेर डोकावते. हे लक्षण अ‍ॅजेलेनिडी कुळातही असल्याने ते डोळ्यांच्या मांडणीसह पडताळावे.

तिसरी आणि सर्वांत निःसंदिग्ध खूण मातेची. लांडगा कोळ्याची मादी अंड्यांची गोल पिशवी उदराच्या टोकाला चिकटवून सर्वत्र बरोबर वागवते. पिल्ले बाहेर पडली की ती तिच्या पाठीवर चढून बसतात. अशी लेकुरवाळी मादी नरसाळ्याच्या तोंडाशी दिसली, तर ती अ‍ॅजेलेनिडी कुळातील नव्हे हे निश्चित समजावे. त्या कुळातील माद्या अंड्यांची पिशवी आपल्या निवाऱ्यात किंवा आसपास बांधून ठेवतात.

रंग राखाडी-तपकिरी, पायांवर गडद पट्टे, उदरावर फिकट ठिपके, असे हिप्पासाचे सर्वसाधारण रूप असते. मात्र रंगावरून नेमकी जात सांगता येत नाही. त्यासाठी प्रौढ नर-मादीच्या जननांगांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी लागते. छायाचित्रावरून ‘हिप्पासा’ इथवर पोहोचणे हेच प्रामाणिक उत्तर ठरते.

जाळ्याची कार्यपद्धती

हे जाळे चिकट नसते. पडद्याच्या वर ताणलेल्या आडव्यातिडव्या धाग्यांना अडखळून उडता कीटक खाली कोसळतो. विणलेल्या पृष्ठावर त्याचे पाय गुंततात आणि त्याच्या धडपडीची कंपने नरसाळ्याच्या तोंडाशी दबा धरून बसलेल्या कोळ्यापर्यंत पोहोचतात. तो पडद्याच्या वरच्या बाजूने विजेच्या वेगाने धावतो, दंश करून भक्ष्य निपचित पाडतो आणि ते ओढत बिळाच्या तोंडाशी नेतो. स्वतःवर संकट आले, तर तेच नरसाळे त्याचा आसरा बनते. पावलांची चाहूल लागताच तो आत नाहीसा होतो. म्हणून जाळी शेकडो दिसतात, कोळी मात्र क्वचितच.

दंव पडलेल्या सकाळी ही जाळी एकाएकी ‘वाढलेली’ वाटतात. वस्तुतः ती आदल्या दिवशीही तिथेच असतात; दंवबिंदू त्यांना केवळ दृश्यमान करतात.

भीती किती खरी?

सिडनीच्या परिसरातील अ‍ॅट्रॅक्स रोबस्टस हा नरसाळे-कोळी मनुष्यासाठी खरोखर घातक आहे. १९८१ साली त्यावरील प्रतिविष उपलब्ध झाले आणि तेव्हापासून त्याच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नाही. तो कोळी ऑस्ट्रेलियातला असून टॅरँटुलाच्या उपगणातील आहे. हिप्पासाशी त्याचे साम्य इंग्रजी नावापुरतेच. हिप्पासाचे विष कीटकांना पुरेसे असले, तरी मनुष्याला त्यापासून गंभीर धोका नाही. हाताने पकडल्यास कोणताही कोळी चावू शकतो, एवढी सावधगिरी मात्र बाळगावी. गोव्यात जांभ्या दगडाच्या दरडीत दिसणारी टॅरँटुलाची बिळेही निराळी असतात. त्यांच्या तोंडाशी रेशमाचे अस्तर असते, पण पुढे गवतावर पसरलेला पडदा नसतो.

मेरेवरचा राखणदार

बागेत ही जाळी दिसताच कीटकनाशक फवारण्याची सवय अनेक ठिकाणी रुजली आहे. ती तोट्याची आहे. तुडतुडे, नाकतोड्यांची पिल्ले, माश्या हे या कोळ्याचे रोजचे अन्न. लांडगा कोळ्यांचे भातशेतीतील मोल इंडोनेशियाने मोठी किंमत मोजून जाणले. तेथे अतिरेकी फवारणीमुळे तपकिरी तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रू, विशेषतः कोळी, नष्ट झाले आणि तुडतुड्यांचा उद्रेक झाला. अखेर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली. कीड भराभर वाढते, तिचे शत्रू मात्र सावकाश परततात, हे त्यामागचे साधे गणित.

सरद असो वा वायंगण, शेताच्या मेरेवरील गवत मुळापासून न जाळता थोडे राखले, तर या राखणदारांना आसरा मिळतो. घरच्या हिरवळीवर फवारा उचलण्यापूर्वी एक सकाळ त्या पडद्याजवळ शांत बसून पाहावे. नरसाळ्याच्या तोंडाशी दोन मोठे डोळे आणि पुढे सरसावलेले पाय दिसतील. कदाचित पाठीवर बसलेली पिल्लेही दिसतील. एवढे दिसल्यावर कोळ्याची ओळख पटते आणि फवाऱ्याची गरज उरत नाही.