दारूबंदी आणि संघटित गुन्हेगारी (मुंबई राज्य)

‘मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९’ने आलेली दारूबंदी आणि तिच्यामुळे फोफावलेला बेकायदा दारूधंदा. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना हा कायदा झाला. १९५६ पर्यंत उत्तर कन्नड जिल्हा मुंबई राज्यातच असल्याने सुपे (आजचा जोयडा) तालुक्यातील बाजारकुणंगसारखी गावेही त्याच्या कक्षेत आली. शेजारच्या पोर्तुगीज गोव्यात मात्र फेणी खुली होती.

खरा धंदा वाढला तो मुंबईत. गूळ व नवसागर पिंपात आंबवायचे, हातभट्टीवर गाळायचे आणि माल रबरी ट्यूबांत भरून ‘आंटी’ म्हणवणाऱ्या विक्रेत्या बायकांच्या अड्ड्यांवर पोचवायचा, अशी साखळी उभी राहिली. हप्त्यांमुळे पोलीस यंत्रणेचा काही भागही तिच्यात ओढला गेला; कायद्याचे सर्वांत मोठे नुकसान हेच म्हणावे लागेल. बोरीबंदरला हमाली करणारा वरदराजन मुदलियार धारावी-माटुंगा भागातील हातभट्टीच्या बळावर टोळीप्रमुख बनला. १९८० च्या दशकात पोलीस अधिकारी वाय. सी. पवार यांच्या कारवाईनंतर तो मद्रासला गेला व १९८८ मध्ये वारला.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात शिकागोच्या टोळीप्रमुख अल कपोनचा उदय असाच झाला. तेथे घटनादुरुस्तीने बंदी उठली. महाराष्ट्रात साठच्या दशकात ती सैल झाली, तरी कायदा उरला. दारू पिण्यास आजही परवाना लागतो. हातभट्टीही संपलेली नाही: २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली, त्यांत बहुतेक गरीब होती.