जठरव्रण : कारणे, निदान आणि गुंतागुंत

बेंगळुरूचा सर्जापूर रोड परिसर माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदारांच्या वस्तीसाठी ओळखला जातो. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालयही याच मार्गावर आहे. मात्र रुग्णालय जवळ असले तरी पोटातील जळजळीला ‘पित्त’ समजून परस्पर गोळ्या घेण्याची सवय येथे काय किंवा महाराष्ट्रात काय, सर्वत्र आढळते. या गोळ्यांनी आम्ल कमी होऊन आराम पडतो. परंतु त्रासाचे मूळ कारण जठरव्रण असल्यास ते तसेच राहू शकते.

कारणे

जठराच्या किंवा लहान आतड्याच्या प्रारंभीच्या भागाच्या अस्तराला पडणारी जखम म्हणजे हा व्रण. तिखट आहार व मानसिक ताण यांमुळे तो होतो, असा पूर्वी समज होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे 1982 मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ या जिवाणूचा शोध लावला. त्यासाठी त्यांना 2005 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके हे दुसरे प्रमुख कारण होय.

निदान

श्वासचाचणी, शौचाची तपासणी किंवा दुर्बिणीद्वारे घेतलेला अस्तराचा नमुना यांवरून जिवाणूसंसर्ग ओळखता येतो. आम्लरोधक गोळ्यांमुळे निष्कर्ष चुकू शकतो. त्यामुळे ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल यांसारखी औषधे वैद्यकीय सल्ल्याने चाचणीपूर्वी दोन आठवडे बंद ठेवावी लागतात.

उपचार

आम्ल कमी करणारे औषध व प्रतिजैविके साधारणतः 14 दिवस एकत्रितपणे दिली जातात. आराम पडला म्हणून ती मध्येच सोडल्यास जिवाणू टिकून राहतात. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करणे आवश्यक असते. हृदयविकारासाठी दिलेले अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून थांबवू नये.

गुंतागुंत

दुर्लक्षित व्रणातून रक्तस्राव होणे, जठराला किंवा आतड्याला छिद्र पडणे अथवा अन्नमार्ग अरुंद होणे असे धोके संभवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्ये या जिवाणूचा समावेश कर्करोगकारक घटकांत केला.

रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच किंवा पोटात अकस्मात तीव्र वेदना झाल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. अकारण वजन घटणे, गिळताना त्रास होणे किंवा रक्तक्षय आढळणे, अशा वेळी तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासणी करून घेण्यास विलंब लावू नये.