मुलाचा दिव्यांग दाखला: कसा काढायचा, आणि त्यावर काय काय मिळतं

मूल तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही. घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "त्याचे अब्बूपण उशिराच बोलायला लागले होते." मग नजर उतरवणं होतं, दम केलेलं पाणी होतं, कुणीतरी सांगितलेल्या डॉक्टरकडे दोन-चार फेऱ्या होतात. यात वर्षं निघून जातात. दुआ थांबवा असं कुणीच म्हणत नाही. पण दुआसोबत अर्जही करायला हवा, आणि तो लवकर करायला हवा. बहुतेक सरकारी सवलती दाखल्याच्या तारखेपासून सुरू होतात, मागची वर्षं भरून मिळत नाहीत.

आणखी एक गोष्ट लोक उघड बोलत नाहीत: "दाखला काढला तर कायमचा शिक्का बसेल, मोठ्या बहिणीच्या रिश्त्याला अडचण येईल." हा दाखला चौकात लावला जात नाही. गरज असेल तिथे तुम्हीच दाखवायचा असतो. आणि ही खैरातही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 या कायद्यानं दिलेला हक्क आहे. या कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता धरली आहे. त्यात ऑटिझम (स्वमग्नता), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, ऐकू न येणं, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकल सेल हे सगळं येतं. थॅलेसेमियाच्या मुलालाही दाखला मिळू शकतो, हे खूप घरांना माहीतच नसतं.

सुरुवात यूडीआयडीपासून

यूडीआयडी म्हणजे देशभर चालणारं दिव्यांग ओळखपत्र. केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्ड या संकेतस्थळावर अर्ज भरायचा. मोबाइलवरून जमत नसेल तर महा ई-सेवा केंद्रात भरून घ्या. अर्जात जिल्हा आणि रुग्णालय निवडावं लागतं. त्यानंतर तिथे तपासणी होते, टक्केवारी ठरते, दाखला आणि कार्ड तयार होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होतं, मोठ्या शहरांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही होतं.

अब्बू कुवेत किंवा दुबईला असतील तरी अडत नाही. पालक म्हणून आईच्या नावानं अर्ज भरता येतो. कोकणातल्या कितीतरी घरांत ही सगळी धावपळ आईच करते. तिच्या नावाचे कागद नीट असले म्हणजे झालं.

40 टक्के हा आकडा लक्षात ठेवा. बहुतेक योजनांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगता लागते. 40 ते 80 टक्क्यांच्या आतलं कार्ड पिवळं असतं, 80 च्या वरचं निळं, 40 च्या खालचं पांढरं.

मूल लहान असेल तर कायमचा दाखला मिळत नाही. मुदतीचा मिळतो, म्हणजे काही वर्षांनी पुन्हा तपासणी. बौद्धिक अक्षमतेचं निदान साधारण पाच वर्षांनंतर लिहितात. त्याआधी ‘विकास मंदावलेला’ असं निदान करून मुदतीचा दाखला देतात. दाखल्यावरची तारीख घरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. ती उलटली की सगळी मदत एकदम थांबते, आणि परत सुरू करायला महिने जातात.

नावाचा घोळ आधी सोडवा

आपल्या समाजातले अर्ज सगळ्यात जास्त कुठे अडकत असतील तर इथे. जन्मदाखल्यावर ‘मोहम्मद’ पूर्ण, आधारवर नुसतं ‘मो.’, शाळेत तेही नाही. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हेनं लिहिलं जातं, आणि एकाच घरात तिन्ही सापडतात. मुलीच्या नावापुढे एका कागदावर ‘बानो’ असतं, दुसऱ्यावर गायब. संगणकाच्या लेखी ही वेगवेगळी माणसं. म्हणून यूडीआयडीच्या आधी जन्मदाखला तपासा, त्यात चूक असेल तर नोंदणी कार्यालयातून ती दुरुस्त करून घ्या, मग त्याप्रमाणे आधार. उलट क्रमानं गेलात तर दोनदा फेऱ्या होतील. मुलाचं आधार पाच वर्षांनंतर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे देऊन अद्ययावत करावं लागतं, तेही राहून गेलेलं असतं.

तपासणीच्या दिवशी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते आपणच करून घेतो.

बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी ठरवताना मुलाची रोजच्या जगण्यातली समज मोजतात. ही चाचणी बरीचशी पालकांना प्रश्न विचारून होते. मूल स्वतःच्या हातानं जेवतं का? बटणं लावतं का? संडासला जायचं सांगतं का? एकटं दुकानात जाऊन वस्तू आणतं का? आई काय उत्तर देते यावर गुण पडतात. ऑटिझमच्या चाचणीतही मुलाचं निरीक्षण आणि पालकांशी बोलणं, दोन्ही असतं.

आता आपल्या आईची सवय काय? परक्या माणसासमोर मुलाची बाजू घ्यायची. "हो, जेवतो ना. हो, कपडेपण घालतो." खरं तर घास हातात द्यावा लागतो, शर्ट डोक्यातून घालून द्यावा लागतो. आईनं प्रेमापोटी ‘करतो’ म्हटलं की कागदावर टक्के कमी होतात. खोटं सांगायचं नाही, वाढवूनही सांगायचं नाही. पण मूल एकट्यानं करतं की कुणी करून देतं, हा फरक स्पष्ट सांगायचा. या चाचणीत सौम्य पातळीला 50 टक्के धरतात आणि त्याच्या वरच्या, काठावरच्या मुलाला 25. म्हणजे एका पायरीचा फरक आणि मूल 40 च्या खाली जातं.

आदल्या आठवड्यात एक वही घ्या आणि रोजचं लिहून काढा. रात्री किती वेळा उठतं, फिट कधी आली, रस्त्यावर हात सोडून पळतं का, खायला किती वेळ लागतो. डॉक्टरसमोर दहा मिनिटं मिळतात, तेव्हा सुचत नाही. जोडीला जुने सगळे रिपोर्ट न्या: एमआरआय, ईईजी, थेरपीचे कागद, शाळेचं पत्र. मूळ कागद आपल्याकडेच ठेवा, झेरॉक्स द्या. आईला मराठीत बोलायचा संकोच वाटत असेल तर मामू किंवा मोठी बहीण सोबत असू द्या. पण उत्तरं त्यानंच द्यावीत ज्याच्या हाताखाली मूल दिवसभर असतं.

टक्केवारी चुकीची वाटली तर भांडून उपयोग नाही. कायद्यात अपिलाची सोय आहे, लेखी अपील करा. अर्ज रखडला असेल तरी लेखीच विचारा. 2024 च्या दुरुस्त नियमांत निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदत दिली आहे.

दाखला आल्यावर

महिन्याची रोख मदत म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. दिव्यांगांसाठी ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये झाले आहेत. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. हातगाडी लावणाराही त्यापेक्षा जास्त कमावतो, त्यामुळे खूप गरजू घरं बाहेर राहतात. मर्यादा वाढायला हवी यात शंका नाही. तोवर उत्पन्नाचा दाखला खरा काढा. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

निरामय आरोग्य विमा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांसाठी आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी कुठलीही वैद्यकीय तपासणी नाही. महत्त्वाचं म्हणजे ॲडमिट न होता केलेले उपचार आणि थेरपीसुद्धा यात येतात, ठरलेल्या मर्यादेत. फी अगदी थोडी आहे. विमा म्हटल्यावर काही घरांत जाइज-नाजाइजचा सवाल निघतो. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना योजनेची माहिती दाखवून विचारावं, पण ऐकीव गोष्टीवर मुदत घालवू नये.

शाळेच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो. आरटीईच्या 25 टक्के राखीव जागांत दिव्यांग मूल वंचित गटात येतं, आणि त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. 40 टक्क्यांचा दाखला पुरतो. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगता असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत. "आमच्याकडे असं मूल चालत नाही" असं मुख्याध्यापक म्हणाले तर तेच लिहून मागा. बहुतेक वेळा लिहून देत नाहीत. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. दहावीच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळही या दाखल्यावरच मिळतो.

बाकी थोडक्यात. एसटीत तिकिटाच्या 75 टक्के सवलत. रेल्वेत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासोबत त्याच्या जोडीदारालाही सवलत मिळते, त्यासाठी रेल्वेचं वेगळं कार्ड काढावं लागतं. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांना आपल्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. त्यातून कुठे व्हीलचेअर मिळते, कुठे रोख रक्कम. आपल्या नगरसेवकाला किंवा सरपंचाला थेट विचारा, "पाच टक्के निधी कशावर खर्च झाला?"

अठरावं वर्ष

मूल 18 वर्षांचं झालं की कायद्यानं ते सज्ञान, मग त्याला स्वतःची सही करता येवो न येवो. बँक, जमिनीचा हिस्सा, शस्त्रक्रियेची संमती, सगळीकडे आई-अब्बूंची सही चालेनाशी होते. निरामयच्या त्याच चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. आई-वडील स्वतः अर्ज करू शकतात. भाऊ-बहिणीला पालक नेमायचं असेल तर घरात बसून आधी बोलून घ्या. विरासतीचा कागद निघतो तेव्हा या मुलाचा हिस्सा कुणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न तिथेच येऊन थांबतो. अठरा पूर्ण झाल्या झाल्या अर्ज टाका, कागदांची फाइल मात्र सतराव्या वर्षीच तयार ठेवा.