उपवासाच्या ताटाचा इतिहास

आषाढी एकादशीला नेवाशाच्या कोणत्याही घरी डोकवावे. साबुदाण्याची खिचडी, तीत दाण्याचे कूट आणि हिरवी मिरची, शेजारी बटाट्याची भाजी, रताळ्याचे काप, राजगिऱ्याचा लाडू. याहून अधिक मराठी ताट आम्हांस दाखविता येणार नाही. आणि तरीही ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथे त्या काळी या ताटातले यांपैकी काहीही मिळाले नसते. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, भुईमूग, मिरची, बटाटा, रताळे आणि दाण्याचा राजगिरा या साऱ्यांचे माहेर अमेरिका खंडात आहे.

नगर शहर मलिक अहमदाने १४९० च्या दशकात वसविले. कोलंबस १४९२ साली पलीकडच्या बेटांवर उतरला. म्हणजे आमचे शहर आणि मिरचीचा प्रवास एकाच वयाचे! पुढे बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्याहून येत असे. त्याचा वनस्पती व औषधांवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात तिखटाचा मान आहे तो मिऱ्याला. त्या मिऱ्याचेच नाव उसने घेऊन मिरचीने पुढे त्याला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसविले. निजामशाहीचे बंदर चौल, आणि तेथेही पोर्तुगिजांचे ठाणे होते. गोवा व चौल या वाटांनी ही बियाणी घाटावर चढली असावीत असा आमचा तर्क आहे. बटाटा, काजू, अननस ही नावे पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आली, एवढे निश्चित.

सर्वांत नवल राजगिऱ्याचे. मेक्सिकोतील अझ्टेक लोक त्याच्या पिठात मध घालून देवांच्या मूर्ती करीत आणि त्या प्रसाद म्हणून वाटून खात. स्पॅनिश विजेत्यांना हे आपल्या धर्मविधीचे विडंबन वाटले व त्यांनी ते पीक दडपले. तेथे देवासाठी ज्याला शिक्षा झाली, त्याला येथे देवासाठीच मान मिळाला. लाह्या फुलवून गोड पाकात वळण्याची रीत मेक्सिकोत अजून आहे. आमच्या गुळाच्या लाडवाची ती सख्खी बहीण शोभेल.

मग परदेशी पदार्थ सोवळ्यात शिरले कसे? आम्हांस वाटते, वर्ज्य धान्यांची यादी आधीच ठरून गेली होती. तीत या नवख्यांचे नाव नव्हते. कंद-फळे तर पूर्वीपासून चालत. कोणी म्हणेल, मकाही तिकडचाच, तो का चालत नाही? त्याची भाकरी होते, म्हणून तो धान्यांच्या पंगतीत बसला, हेच त्याचे उत्तर असावे.

सीताफळाची गोष्ट वेगळी. भारहूतच्या शिल्पांत ते दिसते असे कनिंगहॅमचे म्हणणे होते. वनस्पतिशास्त्रज्ञ बहुधा त्याचे मूळ अमेरिकेतच मानतात. डोंगरउतारावर ते आपोआप वाढते आणि नाव सीतेचे, त्यामुळे त्याला परके म्हणण्यास कोणी धजत नाही. राहात्याच्या पेरूचेही तेच.

आजकाल ‘गावरान’ आणि ‘विलायती’ असा वाद हिरिरीने चालतो. त्यात आम्ही एवढेच सुचवू की, चार शतके ज्यांनी बी राखून पेरले त्यांचा हक्क खरा. पण रानटी वेलीपासून आणि विषारी कंदापासून ज्यांनी प्रथम अन्न घडविले, त्या अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा आमच्या पाककृतींत शब्दानेही उल्लेख नसावा, हे बरे नव्हे. त्यांची राज्ये बुडाली, माणसे साथींनी मेली. शेती मात्र आमच्या ताटात उरली.

टोमॅटो फार उशिरा आला. मिरची-बटाट्याच्याच कुळातला आणि त्यांच्याच खंडातला. पण आमच्या घरी एकदा एकादशीच्या भाजीत त्याची फोड सापडली, तेव्हा आजीने ताट बाजूला सारले आणि दुसऱ्या ताटात मिरची घातलेली खिचडी मागून घेतली.