वजनकाट्यावर न आलेली बाई

संशोधनाचा विषय शोधताना नोंदीत काय आहे ते आपण बघतो. आज उलटं करू. नोंदीत कोण नाही, ते बघू.

माझी मावशी बोईसरला राहते. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिची पाळी थांबली. जेवण तेवढंच, पण पोट सुटलं. रात्री घाम येऊन झोपमोड व्हायची, आणि दिवसभर काहीतरी खावंसं वाटायचं. घरच्यांचं उत्तर ठरलेलं : "तोंडावर ताबा ठेव."

आता विज्ञान काय म्हणतं? इस्ट्रोजेन घटलं की चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. वयाने स्नायू कमी होतात, म्हणून तेवढंच जेवण जास्त ठरतं. अपुऱ्या झोपेनेही भूक वाढते. भुकेशी जोडलेला लेप्टिन १९९४ साली सापडला, घ्रेलिन १९९९ साली. म्हणजे दोष नुसत्या जिभेचा नाही.

मग अशा बायकांची नोंद कुठे मिळेल? १९७५ पासूनच्या अंगणवाडी योजनेचं लक्ष लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यावर. १९९२ मध्ये जव्हार भागातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, आणि इथे वजनाचा प्रश्न म्हणजे कुपोषण, हे पक्कं झालं. ते गरजेचंच होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने १९९८-९९ च्या फेरीत बायकांचं वजन घेतलं, पण १५ ते ४९ वयाच्याच. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. २०१९-२१ च्या फेरीत त्याचे वेगळे आकडे आले. त्याच फेरीत कंबरेचा घेरही मोजला. वयाची मर्यादा मात्र ४९ च! पाळी गेल्यावर पोट वाढतं, आणि नेमकी तिथेच नोंद संपते. ४५ च्या पुढच्यांचं 'लासी' सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये झालं खरं, पण त्यात आकडे राज्याचे मिळतात, जिल्ह्याचे नाही.

म्हणून तुम्हाला माणसांकडेच जावं लागेल. परवानगी घ्या, नाव लिहू नका. "पाळी कोणत्या साली गेली?" असं विचारू नका, साल आठवत नाही. "मुलीच्या लग्नाआधी की नंतर?" असं विचारा. तारापूर एमआयडीसीत घरची माणसं शिफ्टला असतील, तर बाई स्वतः कधी जेवते, तेही विचारा.

आणि एक लक्षात ठेवा : आकडा नाही म्हणजे त्रास नव्हता, असं कधी लिहू नका. मोजलंच नव्हतं, एवढंच लिहा.